समुद्राला सातबारा नसतो : सार्वजनिक पाणी, स्कूबाचं शुल्क आणि आपण

(महाराष्ट्रातून आलेल्या तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात आमेर, जयपूर इथं केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



माझ्या सत्राचा विषय वाचून सकाळी दोघातिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, हे स्कूबा डायव्हिंग मध्येच कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. आपण बसलोय आमेरच्या कोरड्या डोंगरात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. शिष्यवृत्त्या रखडल्यात, अट्रॉसिटीच्या केसेस वर्षानुवर्षं पडून आहेत, आणि हा माणूस समुद्राच्या तळाशी मासे बघायच्या तिकिटावर बोलणार. पण तुमच्यातले निम्मे कोकणातले आहेत आणि मालवणला जाऊन आलेले तर बरेच असतील. तिथं पाण्यात उतरायला पैसे पडतात हे तुम्हाला ठाऊक आहे. ते पैसे कोणत्या हक्कानं घेतले जातात, कुणाकडे जातात आणि ते ठरवतं कोण, हे मात्र आपण कधी विचारत नाही. सार्वजनिक पाण्याबद्दल हे विचारायला आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलंय, म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात याच जयपूर जिल्ह्यातून करू. फागी भागात चकवाडा नावाचं गाव आहे. गावात तलाव आहे, तलावाला घाट आहे. डिसेंबर २००१ मध्ये बैरवा समाजातले दोघे जण त्या मुख्य घाटावर आंघोळीला उतरले. बैरवा म्हणजे इथली अनुसूचित जात. एवढ्यावरून गावातल्या वरच्या जातींनी त्यांच्यावर ५१ हजार रुपयांचा दंड लावला आणि बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००२ मध्ये, दलित संघटनांनी चकवाड्याकडे पदयात्रा काढली, तर तिला अडवायला हजारोंचा जमाव उभा राहिला आणि पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ही पेशवाईतली गोष्ट नाही. मोबाईल फोन आल्यानंतरची आहे.

आता दोन शब्द शेजारी ठेवा. दंड आणि शुल्क. दोन्हींत खिशातून पैसेच जातात. दंड घेताना समोरचा म्हणतो, तुझा इथं हक्क नव्हता, तरी तू उतरलास, म्हणून भर. शुल्क घेताना तो म्हणतो, हक्क सगळ्यांचा आहे, पण या जागेची देखभाल करावी लागते, तुला सेवा द्यावी लागते, म्हणून भर. सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात कर आणि शुल्क यांतला फरक सांगितला, त्याचं सार हेच होतं. कर सरकारच्या तिजोरीत जातो आणि त्या बदल्यात अमुक एक सेवा मिळेलच असं बंधन नसतं. शुल्काच्या मागं मात्र काहीतरी विशिष्ट सेवा असावी लागते. ती सेवा दाखवता येत नसेल, तर त्या पैशाला शुल्क म्हणायचं का, हा प्रश्न उभा राहतो. हा कस लक्षात ठेवा. मालवणला पोहोचल्यावर तो वापरायचा आहे.

पण त्याआधी महाडला जाऊन यावं लागेल. चवदार तळ्याची गोष्ट इथल्या प्रत्येकाला पाठ आहे, त्यामुळे मी फक्त तिची कागदपत्रांची बाजू सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं, तरी तीन वर्षं कुणाला पाणी पिता आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला.

पुढचा भाग आपण कमी सांगतो. सवर्ण मंडळी डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं काय होतं? तळं सार्वजनिक नाहीच. ते आसपासच्या घरमालकांचं खासगी आहे, आणि अस्पृश्यांना तिथं येऊ न देण्याची वहिवाट फार जुनी आहे. मालकी आणि वहिवाट हे दोन मुद्दे घेऊन खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं अखेरचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं दिला. म्हणजे लढाईची पहिली बाजू तळ्याच्या काठावर झाली आणि दुसरी बाजू 'हे पाणी कुणाच्या मालकीचं' या एका प्रश्नावर कोर्टात झाली. पाण्यापासून माणसाला दूर ठेवायचं असेल, तर आधी ते पाणी सार्वजनिक नाही असं सिद्ध करायचा प्रयत्न होतो. हा डाव जुना आहे आणि आजही चालतो.

म्हणून राज्यघटनेच्या कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात महाडचा अनुभव बसलेला मला दिसतो. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा, ज्या पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून चालवल्या जातात किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेल्या आहेत, त्यांच्या वापराबाबत केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या आधारे कुणावर अपात्रता, दायित्व, निर्बंध किंवा शर्त लादता येणार नाही. 'अंशतः' हा शब्द जपून ठेवा. एखाद्या ठिकाणी सरकारनं थोडा जरी पैसा घातला, तरी ते या कलमाच्या कक्षेत येतं. हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की हे कलम शुल्काला बंदी करत नाही. सगळ्यांना सारखं तिकीट लावलं, तर ते जातीच्या आधारावर लावलं असं म्हणता येत नाही. त्यामुळे शुल्काविरुद्धचा आपला युक्तिवाद नुसत्या या कलमावर उभा राहणार नाही. तो दुसऱ्या पायावर उभा करावा लागेल.

आता मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. महाराष्ट्राचं हे पहिलं सागरी अभयारण्य. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटरचा गाभा. त्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड. खडकांवर प्रवाळ, रंगीत मासे, कासवं. म्हणजे ताडोबासारखंच हेही एक सार्वजनिक उद्यान, फक्त पाण्याखालचं. स्थानिक मच्छीमारांनी या घोषणेला सुरुवातीपासून विरोध केला, कारण रापण ओढणारा, होडीवर जाणारा, गळ टाकणारा माणूस ज्या पाण्यावर जगत होता, त्या पाण्यात एका अधिसूचनेनं तो परका ठरणार होता.

इथं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ उघडून वाचावा लागतो. कलम २७ सांगतं की अभयारण्यात परवान्याशिवाय कोण जाऊ शकतो. कामावरचा सरकारी नोकर, राहण्याची परवानगी मिळालेला माणूस, सार्वजनिक रस्त्यानं जाणारा वाटसरू आणि ज्याची अभयारण्याच्या हद्दीत स्थावर मालमत्ता आहे तो. बाकीच्यांना परवाना घ्यावा लागतो. कलम २८ सांगतं की परवाना कशासाठी मिळू शकतो. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, तिथं राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार, आणि पर्यटन. आणि तो शुल्क घेऊन, अटी घालून द्यायचा. अभयारण्यात प्रवेशाचं शुल्क घेण्याचा कायदेशीर पाया हाच.

पुन्हा ती यादी ऐका. स्थावर मालमत्ता असलेला माणूस. जंगलात शेत असेल तर सातबारा दाखवता येतो. समुद्राला सातबारा नसतो. ज्याच्या चार पिढ्या त्या पाण्यात गेल्या, त्या मच्छीमाराकडे पाण्यावरच्या हक्काचा एकही उतारा नाही. कायदा जमिनीची भाषा बोलतो आणि पाण्यावर जगणारा माणूस त्या भाषेत मुका ठरतो. ही उणीव थोडीशी भरायला १९९१ च्या दुरुस्तीत कलम २६ अ आलं. समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी व्यवस्था करावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मालवण मात्र त्याच्या चार वर्षं आधीच जाहीर झालेलं होतं.

मग स्कूबा आलं. तारकर्लीला पर्यटन महामंडळानं स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र काढलं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा एक प्रकल्प सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर काही वर्षं चालला, त्यातून स्थानिक मुलांना पाण्याखाली पर्यटकांना नेण्याचं शिक्षण मिळालं. चिवला, तारकर्ली, देवबाग इथं फलक लागले. आज पुण्या-मुंबईचं कुटुंब मे महिन्याच्या सुट्टीत तिथं येतं, काही शे रुपये भरतं, होडीतून किल्ल्याजवळ जातं, पाण्याखाली काही मिनिटं राहतं, माशांबरोबरचा व्हिडिओ घेऊन घरी जातं. त्यात मला काही वाईट दिसत नाही. ज्या समाजाला शतकानुशतकं तळ्याला हात लावू दिला नाही, त्या समाजातल्या मुलीनं समुद्राच्या तळाला हात लावावा. मला तर ते फार आवडेल.

प्रश्न त्या पैशाचा आहे. पर्यटक जे भरतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, सेवेचा मोबदला. होडी, डिझेल, सिलिंडर, सोबत उतरणारा माणूस. दुसरी, त्या जागेच्या वापराचं शुल्क, जे सार्वजनिक असायला हवं. पर्यटकाला हा फरक दिसत नाही, कारण तो किनाऱ्यावर एकच रक्कम देतो. धंदा करणाऱ्याचा खर्च आणि नफा त्यात आला. पण प्रवाळावर नांगर पडला, नवख्या माणसाचा पाय लागून फांदी तुटली, मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकली, तर त्याची भरपाई कोण करणार? प्रवाळ फार हळू वाढतं. एका क्षणात मोडलेलं परत यायला वर्षं लागतात. आणि ते मोडल्याचा फटका शेवटी मासळीला बसतो, म्हणजे रापणकराला बसतो. तिकीट पर्यटकाचं आणि किंमत मच्छीमाराची, असा हा हिशोब होतो.

शुल्क नीट घेतलं तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचं छोटं बेट आहे. तिथं १९७९ मध्ये सागरी उद्यान झालं. सुरुवातीचा निधी संपला आणि उद्यान नावापुरतं उरलं. १९९२ पासून तिथं प्रत्येक स्कूबा करणाऱ्याकडून वर्षाला १० डॉलर घ्यायला सुरुवात झाली. तो पैसा उद्यानाच्याच कामाला लागला. पहारेकऱ्यांचे पगार निघाले, आणि होड्यांनी नांगर टाकण्याऐवजी दोर बांधावा म्हणून कायमच्या तरंगत्या खुणा पाण्यात बसवल्या त्यांची देखभाल झाली. शिरूर मठाच्या निकालातला कस इथं लावला तर तो उतरतो. पैसा घेतला, सेवा दाखवली.

दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं आहे. फिलिपिन्समधलं आपो बेट. तिथल्या मच्छीमारांनी १९८० च्या दशकात स्वतःच एक तुकडा राखून ठेवला, तिथं मासेमारी बंद केली. मासळी वाढली, मागोमाग स्कूबावाले आले. नंतर सरकारनं ते बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात घेतलं आणि शुल्काचा कारभार राजधानीशी जोडला. कायद्यानं ७५ टक्के रक्कम त्या क्षेत्राकडे परत यायची. पण पैसा आधी वर जायचा आणि मग खाली यायचा, त्याला उशीर लागायचा, आणि ज्यांनी राखलं त्यांच्या हातातून निर्णय गेला, अशी बेटावरच्या लोकांची तक्रार राहिली. कागदावर ७५ टक्के मिळूनही माणसं नाराज का? कारण वाटा मिळाला तरी सत्ता गेली होती. बाबासाहेब आपल्याला नेमकं हेच सांगत आले. सोयीसवलतींनी पोट भरत असेल, पण जिथं निर्णय होतो त्या खोलीत आपली खुर्ची नसेल, तर सोय कधीही काढून घेता येते.

आता मी तुम्हाला पाण्याखालच्या दुसऱ्या एका जागी नेतो. स्कूबाच्या सिलिंडरमध्ये काय असतं, माहीत आहे? बरेच जण म्हणतील ऑक्सिजन. तसं नाही. साधी, गाळलेली, दाबून भरलेली हवा असते. हीच, आपण आत्ता घेतोय ती. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये साधारण २,४०० लिटर हवा मावते. पाण्याखाली दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून हवा लवकर संपते आणि सोबत प्रशिक्षित माणूस लागतो. म्हणजे स्कूबाच्या शुल्कात सगळ्यात मोलाची वस्तू कुठली, तर श्वास. खाली उतरणाऱ्याचा श्वास चालू राहील याची हमी. ती नसेल तर कुणी त्या पाण्यात पाय घालणार नाही, आणि घालूही नये.

याच जयपुरात, सीतापुरा औद्योगिक वसाहतीत, मे २०२५ मध्ये दागिने बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टाकीत कामगार उतरवले गेले. सांडपाण्यात मिसळलेले सोन्याचांदीचे कण मिळवण्यासाठी. विषारी वायूनं चार जणांचा जीव गेला. त्यांच्या पाठीवर २,४०० लिटर हवा नव्हती. हातानं मैला साफ करण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, आणि त्याखालच्या नियमांत श्वसनाची साधनं, संरक्षक कपडे, सगळ्याची यादी दिलेली आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. केंद्र सरकारच्याच नमस्ते योजनेत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्यांची जी नोंदणी झाली, तिच्यात सुमारे ९२ टक्के लोक अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी निघाले. एकट्या अनुसूचित जातींचे सुमारे ६९ टक्के.

ही तुलना मी भावना भडकवायला करत नाही. या देशात माणसाला पाण्याखाली सुरक्षित कसं न्यायचं याचं ज्ञान आहे, साधनं आहेत, प्रशिक्षण देणारी सरकारी केंद्रंसुद्धा आहेत. अडचण तंत्राची नाही. कुणाच्या श्वासासाठी साधन विकत घ्यायचं हे ठरवताना समोरच्याची पायरी बघितली जाते. खाली उतरणारा गिऱ्हाईक असेल तर हवा आधी, मग माणूस. खाली उतरणारा कामगार असेल तर माणूस आधी, आणि हवेची चौकशी तो मेल्यावर. जातीनं कामाची नाही, काम करणाऱ्यांची वाटणी केली, असं बाबासाहेब म्हणत. पाण्याखालीही तीच वाटणी आहे.

मालवणातसुद्धा पाण्याखाली राबणारे हात आहेतच. पर्यटकाला धरून ठेवणारा, त्याचा व्हिडिओ काढणारा, होडी हाकणारा पोरगा. पावसाळ्यात समुद्र खवळतो, हे सगळं बंद पडतं, आणि त्या महिन्यांत त्याला काही मिळत नाही. दिवसात किती फेऱ्या मारायच्या, किती वेळा खाली उतरायचं, कान फुटला तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, याबद्दल त्याच्याशी लेखी काही ठरलेलं असतं का? मालवणला जाल तेव्हा त्यालाच विचारा. आणि आणखी एक गोष्ट आपल्या आपल्यात स्पष्ट बोलू. किनारा म्हणजे एकच एक समाज नाही. गाबीत, भंडारी, इतर जाती, आणि गावाच्या कडेला बौद्धवाडी. ज्याची होडी आहे त्याला स्कूबाचा धंदा करता येतो. ज्याचं घर किनाऱ्यालगत आहे त्याला न्याहारी-निवास काढता येतं. ज्याच्याकडे होडी नाही आणि किनाऱ्याची जागाही नाही, त्याच्या वाट्याला हॉटेलातली भांडी आणि कचरा येतो. त्यामुळे 'शुल्काचा पैसा स्थानिकांना द्या' एवढी मागणी पुरत नाही. स्थानिकांत कुणाला, हे आपण लिहून मागितलं पाहिजे.

काही आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, शुल्क लावलं की गरीब बाहेर पडतो, म्हणून शुल्कच नको. ही भावना मला समजते, कारण आपल्याला बाहेर ठेवायच्या प्रत्येक युक्तीचा अनुभव आहे. पण शुल्क नसलं तरी होडी आणि सिलिंडरचे पैसे लागतातच, गरीब तसाही बाहेरच असतो. फरक एवढाच पडतो की ज्याला परवडतं तो फुकटात प्रवाळ तुडवतो. म्हणून मजेसाठी उतरणाऱ्यानं भरावं, पोटासाठी उतरणाऱ्यानं एक पैसा भरू नये, हे माझं मत आहे. कालवं, शिंपल्या काढणाऱ्या बायकांकडे कुणी उद्या पावती मागितली, तर ते शुल्क राहणार नाही. तो चकवाड्याचा दंड होईल.

दुसरा आक्षेप, स्कूबा ही श्रीमंतांची चैन, आपण त्यात कशाला पडायचं? १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा तो फक्त तहानेसाठी नव्हता. पाण्यापाशी कुणाची सावली चालते हा प्रश्न होता. आज पोहायला येणाऱ्या आपल्या मुली किती? सरकारी प्रशिक्षण केंद्रात प्रमाणपत्र घेऊन प्रशिक्षक झालेली आपली मुलं किती? चैन म्हणून आपण जे सोडून देतो, तिथं नोकऱ्या आणि सत्ता दुसऱ्यांच्या हातात जाते.

तिसरा आक्षेप, हे सगळं ठरून गेलंय, आता बोलून काय उपयोग? तसं नाही. नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही युद्धनौका निवतीजवळच्या समुद्रात तळाशी ठेवून पर्यटकांसाठी पाण्याखालचं संग्रहालय करण्याची राज्याची योजना आहे. नौका २०२५ मध्ये पर्यटन महामंडळाकडे आली. केंद्रानं त्यासाठी सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केलेत. म्हणजे 'अंशतः' सोडा, तिथं जनतेचाच पैसा आहे. तिथलं तिकीट किती, त्यातला वाटा कुणाचा आणि मच्छीमारांची जाळी कुठं टाकायची, हे ठरवणाऱ्या टेबलावर आपला माणूस हवा.

मग मागायचं काय? मी चार गोष्टी सांगतो, त्यात भर तुम्ही घाला. एक, सेवेचा मोबदला आणि सार्वजनिक शुल्क यांची पावती वेगळी हवी, म्हणजे भरणाऱ्याला कळेल की पैसा कुठं गेला. दोन, त्या शुल्काचा जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेत आणि नगरपरिषदेच्या फलकावर मराठीत लागला पाहिजे. तीन, तो पैसा खर्च करणाऱ्या समितीत रापणकर, मासेविक्रेत्या बायका, पाण्याखाली उतरणारी मुलं आणि बौद्धवाडीचा प्रतिनिधी यांची मतासहित जागा हवी, आणि प्रशिक्षणाच्या जागांत राखीव जागा हव्यात. चार, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना वर्षातून एक दिवस तो समुद्र विनाशुल्क दाखवावा. ज्या मुलांनी समुद्र आतून पाहिलाय, ती मोठी होऊन तो सहजासहजी कुणाच्या घशात जाऊ देणार नाहीत.

शेवटी या आमेरबद्दल. येताना रस्त्यात मानसागर तलाव आणि त्यातला जलमहाल तुम्ही पाहिलात. तिथली १०० एकर जागा ९९ वर्षांच्या करारानं एका खासगी कंपनीला दिली गेली होती. लोक कोर्टात गेले. २०१२ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं तो करार रद्द केला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुदत ३० वर्षांवर आणली. महाडचा प्रश्न वेगळ्या वेशात आला होता, हे पाणी आणि हा काठ कुणाचा. आणि या आमेरवर कछवाह्यांच्या आधी मीणांची सत्ता होती. पुढं त्याच मीणांना जयपूर संस्थानानं १९३० च्या जरायम पेशा कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवून पोलीस ठाण्यात हजेरी द्यायला लावली. आज त्यांचं नाव इथल्या एका सुंदर पायरी-विहिरीला आहे, पन्ना मीणा का कुंड. जिथं नाव उरतं आणि हक्क जातो, त्या जागेला पर्यटक वारसा म्हणतात.

उद्या तुम्ही किल्ल्यावर जाणार आहात. तिकीट काढाल तेव्हा पावती टाकून देऊ नका, वाचा. ती कोणत्या खात्यानं दिली, त्यात कसले पैसे धरलेत ते बघा. हत्तीवर बसवणाऱ्या माहुताला विचारा, सवारीचे जे पैसे घेतात त्यातले त्याच्या हातात किती पडतात. झाडणाऱ्या बाईला विचारा, ती कुणाच्या ठेक्यावर आहे आणि पगार किती तारखेला होतो. उत्तरं वहीत लिहा. कोकणात परत गेलात की तीच वही घेऊन मालवणच्या जेटीवर जा आणि तेच प्रश्न तिथं विचारा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ आहेत. हे एक शुल्क मात्र आपण आनंदानं भरू.

जय भीम.